अप्पांचा प्रश्न

सेलूच्या धान्याच्या मोंढ्याजवळ मन्मथअप्पांची रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब होती. सुई हातात घेतली की ते आधी विचारत, "काल काय जेवलात? महिनाभर काय जेवायलात?" हिवतापाने कुडकुडणारा माणूसही त्यातून सुटत नसे. लोक वैतागत, मागे नकला करत. मला हसू येत नसे, कारण ही सवय त्यांना आमच्या सुमीमुळे लागली होती.

मी पाथरीला शिक्षक. सुमी तेव्हा चार वर्षांची, पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या. आम्ही भाकरी खायची आणि पोरीला मात्र गव्हाची पोळी, रव्याची खीर, बिस्किटं, असा माझा तोरा होता. जंताची औषधं झाली, अंगारेधुपारे झाले. सेलूच्या डॉक्टरांना शेवटी गव्हाचाच संशय आला. काही लेकरांच्या आतड्याला गहू सोसत नाही म्हणाले, आणि रक्ताची चिठ्ठी दिली. पण पोरीच्या अंगात रक्त तरी कुठे होतं? आम्ही तिला आधी वालूरला आजोळी ठेवलं. तिथे दूध आणि ज्वारीची भाकरी. चार महिन्यांत ती अंगणात पळू लागली. तिला तिथलं पाणी मानवलं, असं आम्ही धरून चाललो.

चिठ्ठी होतीच, म्हणून परतताना रक्त दिलं. अप्पांनी नळी बर्फाच्या थर्मासात घालून रेल्वेने मुंबईला पाठवली. रिपोर्ट निर्दोष आला. मी पेढे वाटले आणि तूप-गुळात चुरलेली पोळी सुमीला स्वतःच्या हाताने भरवली.

तिसऱ्या दिवशी अप्पा दारात. विद्यापीठाच्या नामांतरावरून आंदोलन पेटून गाड्या बंद होत्या, म्हणून सेलूहून सायकलवर आले होते. पाणीही न घेता म्हणाले, "गुरुजी, तुमचा मेव्हणा म्हनला, लेकरू आजोळी भाकरीवरच होतं. खरं हाय?"

"हो."

अप्पा ओट्यावर बसले. "मग ह्यो रिपोर्ट बिनकामाचा हाय. चार महिने पोटात गहूच न्हाई, तर रक्तात काय दिसनार? म्या इचारलंच न्हाई. चूक माझी हाय."

मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

आता औरंगाबादला आतड्याचा तुकडा काढून तपासणं हीच पक्की परीक्षा, असं डॉक्टर म्हणाले. पण त्याआधी सहा आठवडे गहू खाऊ घालायचा. कुसुम, माझी बायको, चिडली. "अप्पा, गहू सोडूनच देऊ की! तपासणी कशाला?"

"ताई, तुमी सोडाल. उद्या ती सासरी जाईल, तिथं तिचं कोन ऐकनार? नखरे करायली म्हनतील. हातात कागद पायजे."

ते सहा आठवडे मी विसरणार नाही. कुसुम रडत कणीक मळायची. पोरगी पुन्हा सुकू लागली. दर रविवारी अप्पा यायचे, तिला उचलून वजन अजमावायचे आणि तोंड फिरवायचे. तपासणीत दोषी गहूच निघाला. त्या दिवसापासून आमच्या घरात पोळी झाली नाही.

नामांतर झालं त्या वर्षी अप्पा गेले. मी त्या दिवशी बोललो त्याची माफी मागायची राहूनच गेली.

पुढे सुमीचं लग्न जमवताना तो पिवळा पडलेला कागद मी भीतभीतच तिच्या होणाऱ्या सासूपुढे ठेवला. बाईंनी तो मुलाकडून वाचून घेतला, घडी करून मला परत दिला आणि सुमीला जवळ ओढून विचारलं,

"मग बाई, तू जेवतीस काय?"

मला तिथे सगळ्यांसमोर रडू आलं.