रेबेकाबायचे दोन घाणे

"बैल मागं चालतोय, गुणाजी."

"बैल बरोबर हाय, बाय. तुझं यंत्र उलटं फिरतंय."

"यंत्र माझ्या आजोबांच्या घाण्यासारखं फिरतंय."

"मग तुझ्या आजोबांचा बैल शेपटीकडून चालायचा काय?"

रेबेकाबायने पेडलवरचा पाय उचलला. शिलाई मशीनची मोटर गप्प झाली आणि टेबलावरचा तेलाचा घाणा थांबला. भोकाभोकांच्या लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, पितळी दातेरी चाकं, मधोमध लाकडी उखळ, आणि दांड्याला जोडलेला गुणाजीचा शाडूचा बैल. शिंगं लाल, गळ्यात घुंगरू, तोंड मात्र वाटेच्या विरुद्ध.

हे भांडण चौऱ्याण्णव सालचं, रोह्यातलं. गणपती आठवड्यावर आले होते. मंडळाचा देखावा ठरला होता गावातल्या जुन्या धंद्यांचा, तोही हलता. तेलाचा घाणा रेबेकाबायने स्वतः मागून घेतला होता. "देव तुमचा, घाणा आमचा," असं तिने मंडळाचे अध्यक्ष हिरामणशेठ यांना सांगितलं होतं. ते खरंच होतं. तिच्या ज्यू घराण्याला लोक शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. ती दहाएक वर्षांची असताना तो कायमचाच बंद पडला. मग नातेवाईक एकेक करून मुंबईला आणि तिथून इस्राएलला गेले. शेवटी मुलगा जोनाथनही गेला. कपाटात त्याची लहानपणची मेकॅनोची, पट्ट्या-चाकं जोडायच्या खेळाची, पेटी तेवढी राहिली.

रेबेकाबाय ब्लाउज शिवायची. एका दुपारी बटणं शोधताना पेटी सापडली आणि तिने सहज दोन चाकं एकमेकांना लावली. त्या दिवशीचे ब्लाउज राहूनच गेले. पुढे तिने वाळत घातलेल्या सुकटीवरचे कावळे हाकलणारा हात बनवला. शेजारच्या नम्रताच्या बाळाचा पाळणा हलवणारी कळ बनवली. मोटर गोल फिरते, पाळणा पुढे-मागे जातो, हे बघायला बायका मापं द्यायच्या निमित्ताने येऊन बसत. "बाय, माझा ब्लाउज कधी?" असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "आधी हे बघ गो, ब्लाउज पळून जात नाय."

तर बैल.

"फिरवून लाव मग त्याला," भांडण ऐकत बसलेले हिरामणशेठ म्हणाले.

"कसा लावू? दांड्याचं भोक उजव्या अंगाला हाय," गुणाजी म्हणाला. तो पेणजवळच्या हमरापूरचा, घरात तीन पिढ्या गणपतीचं काम. "वाळलेल्या शाडूला आता डावीकडून भोक पाडलं की बैलाचा चुरा."

"मग मोटरचा पट्टा उलटा, आठाच्या आकड्यासारखा टाकला तर? माझ्या भावाच्या गिरणीत टाकतात तसा."

"पट्टा टाकणं मिनिटाचं काम हाय, शेठ," रेबेकाबाय म्हणाली. "पण मी त्या घाण्याच्या दांड्यावर बसायचे. उखळ माझ्या डाव्या हाताला असायचं. तो फिरताना पाहिलेली रोह्यात आता मीच उरले. मी दाखवीन तेच लोकांच्या ध्यानात राहणार. ते पण चुकीचं दाखवू?"

"आणि मी देवासमोर उलटी प्रदक्षिणा दाखवू?" गुणाजीचा आवाज चढला. "देवापुढं काय पण फिरलं तरी मधली वस्तू उजव्या हाताला पायजे. हमरापुरात कळलं तर मला कोण दारात उभा करील?"

"बैलाला कुठं ठाऊक हाय प्रदक्षिणा?"

"बैलाला नसंल, मला हाय."

गुणाजी टोपी घालून पेणच्या गाडीला निघून गेला. बैल टेबलावरच राहिला, उलट्या तोंडाने रेबेकाबायकडे बघत.

दुसऱ्या दिवशी तिने घाणा पूर्ण मोकळा केला. ताटात चाकं, एका वाटीत नट, दुसऱ्या वाटीत बोल्ट. दोन मोठी चाकं पुसून ताटात ठेवताना त्यांचे दाते एकमेकांत बसले. तिने एक डावीकडे ढकललं. दुसरं उजवीकडे गेलं. हे तर तिला पाळण्याच्या वेळेपासून ठाऊक होतं, पण भांडताना कोण चाकांचा विचार करतं? ती एकटीच हसत सुटली. नम्रता दारातून डोकावून म्हणाली, "बाय, काय झालं?"

"एक घाणा कशाला, गो? दोन करते."

एकच मोटर, मधे ही दोन चाकं, आणि प्रत्येक चाकावरून एकेका घाण्याकडे सरळ पट्टा. एक घाणा गुणाजीचा, एक आपला. तिने पेणच्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप दिला : डाव्या अंगाला भोक असलेला आणखी एक बैल पाठव.

दोन दिवसांनी गुणाजी पेंढा भरलेली टोपली घेऊन दारात उभा राहिला.

"घे. बल्बखाली वाळवलाय. भोक डावीकडं. जन्मात पयल्यांदा केलं असलं काम."

"निरोप मिळाला म्हणजे."

"कसला निरोप? मी आपणच केला."

रेबेकाबायने टोपली घेऊन त्याला आत बसवलं. मग तिने त्याला चहा दिला आणि चाकांची गंमत दाखवली. गुणाजीने पेडल इतका वेळ दाबून धरलं की मोटर तापली.

पहिल्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बैल पुढे चालत होते, एक असा, एक तसा. मधल्या जागेत आले की क्षणभर जोडीने चालत आणि पुन्हा आपापल्या वाटेला लागत. तेवढ्या जागी पोरं टाळ्या वाजवत.

आरतीनंतर काठी टेकत धोंडुबाई आली. ऐंशीच्या पुढची, लेकीकडे राहायला गेलेली, सणासाठी रोह्यात परतलेली. रेबेकाबायच्या आजोबांच्या घाण्यावरून तिने वर्षानुवर्षं तेल नेलेलं. तिने दोन्ही घाणे वाकून बघितले आणि काठीचं टोक गुणाजीच्या पहिल्या, उजव्या अंगाला भोक असलेल्या बैलाकडे केलं.

"ह्यो तुझ्या आज्याचा, रेबेका. अस्साच फिरायचा."

"काकी, नीट बघा. मी दांड्यावर बसायचे ना? उखळ माझ्या डाव्या हाताला असायचं."

"असणारच, गो. तू उलटी बसायचीस, बैलाकडं पाठ करून. सरळ बसवलं की त्याच्या शेपटीचा फटका तोंडावर बसतो म्हणून रडायचीस."

हिरामणशेठनी खोकला काढला. गुणाजीने टोपी नीट केली, चेहरा अगदी गरीब केला.

"बाय, मग त्या दुसऱ्या बैलाचं आता काय करायचं?"

रेबेकाबायने तेलाची कुपी उचलली. दोन्ही घाण्यांच्या दांड्यांखाली एकेक थेंब सोडला, दुसऱ्या बैलाचं घुंगरू बोटाने सरळ केलं, छत्री काखेत मारली आणि हसू आवरायला तोंडावर पदर दाबून मांडवाबाहेर चालू लागली.