आंबे खायला गेलेली खाती

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही — आणि माझ्या तोंडून काय निघत नाही हो? पानिपतच्या काला अंब स्मारकावर पाहुणे नेले की मी तिथली लढाई अशी सांगतो, की दुपारपर्यंत आपण जिंकलेलोच असतो. गुडगावच्या आमच्या सोसायटीत मी माकडाला इंग्रजीत दटावल्याची कथा तर मुलांना पाठ आहे. पण ही गोष्ट — ही मी गिळून बसलोय.

मी बँकेत आकडे वाचतो. नावं दिसत नाहीत. पगार आला, खर्च झाला, एवढंच. कोरोनाच्या काळात काम आलं — श्रीमंत आणि गरीब खातेदारांत कोण किती सावरलं, ते दाखवा. त्यावरून ठरणार होतं, की किमान शिल्लक नसल्याचा दंड लहान खात्यांना माफच ठेवायचा, की पुन्हा लावायचा.

मी आलेख केला. दोन्ही रेषा वर! साहेबांचं लगेच "वाह यार" आलं. त्यानंतर मला शंका आली. ज्या खात्यात महिनाभर काहीच हललं नाही, ते आमच्या नेहमीच्या पद्धतीत मोजणीतून गळतं. एरवी ठीक. पण तेव्हा शेजारच्या मानेसरचे कारखाने बंद होते, आणि गळलेली खाती बहुतेक तिथल्याच कामगारांची. म्हणजे जे बुडाले, त्यांना मी मोजलंच नव्हतं. उरलेल्यांची रेषा वर जाणार नाही तर काय? गाळणीची ती एक अट काढायची होती फक्त. काढली का? "वाह यार" परत द्यायचं — कसं?

ऑनलाइन मीटिंगमध्ये फरीदा बोलली. पुण्याची, नवीन, माझ्याच हाताखालची. "सर, ही खाती सावरलेली नाहीत. गप्प झालीत."

बरोबर होतं तिचं. अक्षर न अक्षर. आणि मी — मी गोष्ट सांगितली. म्हटलं, "अरे, वो सब गाँव में आम खा रहे हैं." मग रंगवत गेलो. सासुरवाडीची बाग, जावयाला खर्च कसला, एटीएम तर झाडालाच टांगलंय. पडद्यावरचे सगळे चौकोन हसले. एक नाही. थोड्या वेळानं तिनं कॅमेरा बंद केला.

दंड लागला.

कारखाने उघडल्यावर ती खाती पुन्हा हलू लागली. कितीतरी महिन्यांनी पहिला पगार जमा — आणि त्यातून सगळ्यात आधी आमचा दंड वजा. एकाखाली एक, माझ्या पडद्यावर. मी पाहिलं. फरीदानंही पाहिलं असणार. माझ्याशी ती कामापुरतंच बोलायची. पुढे नोकरी सोडून पुण्याला गेली.

परवा ऑफिसात एकाच्या निरोपाची पार्टी होती. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, वो आमवाला सुनाइए ना."

मी उठलो. काय सांगायला उठलो होतो, ते मला माहीत होतं — निदान खुर्चीतून उठेपर्यंत.

मग मी आमवालाच सांगितला. यंदा एटीएमशेजारी फांदीवर एक माकडही बसवलं. सगळे पोट धरून हसले.