काकाजींचा मंगळवार

"काही घाई नाही गा," असं म्हणत काकाजी गॅरेजमध्ये शिरायचे. गाडी शटरसमोर आडवी लावायची, चावी माझ्या हातात न देता टपावर ठेवायची आणि पंख्याखालचं स्टूल ओढून बसायचं. घाई नाही म्हणणारं गिऱ्हाईक माझ्या नशिबी हे एकच आलं. बाकीच्यांना गाडी कालच हवी असते.

नंदनवन वस्तीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं गॅरेज आहे. काकाजींचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. सरकारी कचेरीतून निवृत्त, पंचाहत्तरी उलटलेली, बायको गेलेली, मुलगा-सून जिवापाड जपणारे. तुमच्याही ओळखीत असा एखादा म्हातारा असेल, ज्याला इतकं जपतात की त्याला जीव नकोसा होतो. काकाजी देवळात निघाले की सून सोबत. कटिंगला गेले की मुलगा बाहेर उभा. बाथरूमची कडी आतून लावायची नाही, हाही घरचा नियम होता.

गाडी पंधरा वर्षं जुनी, पण तिच्या काळात ऐटीची. स्टिअरिंगवर क्रूझ कंट्रोलचं बटण होतं. ऐंशीला ते दाबलं की पाय काढून घ्यायचा, गाडी त्याच वेगाने आपली आपण चालते. ते कधीचं बंद पडलं होतं आणि काकाजींना चालू करून हवं होतं. साखरेमुळे त्यांचा उजवा पाय बधिर झालेला. क्रूझ लागली तर पायाला काम नाही, म्हणजे हायवेला जाता येईल, हा त्यांचा हिशोब. ब्रेकला तरी पाय लागतोच, असं मी म्हणालो, तर ते वायपरविषयी बोलू लागले.

जायचं कुठे आहे, असंही मी एकदा विचारलं.

"ठिकाण सांगतलं का कोणी ना कोणी संगं येते," काकाजी म्हणाले. "मले एक घंटा एकट्याले गाडीत बसाचं आहे."

बिघाड मी दहा मिनिटांत शोधला होता. ब्रेकच्या पेडलमागे एक छोटा स्विच असतो. तो खराब झाला की गाडीला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे, आणि ती क्रूझ लागू देत नाही. मी काकाजींना ते दाखवलं आणि पुढच्या मंगळवारी या म्हणालो. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबांना तुमच्याकडे येण्यापुरतीच गाडी देतो, ते हायवेला गेले तर धड परत येणार नाहीत, पार्ट मिळत नाही म्हणून सांगा. मला ते पटलं. तो पाय मी पाहिला होता.

मग दर मंगळवारी मी खोटं बोलू लागलो. पार्ट दिल्लीहून यायचा आहे. आला तो दुसऱ्याच गाडीचा निघाला. आता बनवणंच बंद झालं. काकाजी मान हलवायचे, चहा घ्यायचे, तासभर बसायचे. तेवढ्यात मुलाचा एक फोन यायचाच, आणि मी 'इथेच आहेत' म्हणून कळवायचो. मी गॅरेज चालवतो की पहारा देतो, तेच मला कळेना.

एका मंगळवारी माझ्याने राहवेना. सगळं कबूल करून टाकलं. काकाजींनी शांतपणे शर्टाच्या खिशातून तसाच नवा स्विच काढून माझ्यासमोर धरला. माझ्या शेजारच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून त्यांनी तो दुसऱ्याच आठवड्यात घेतला होता.

"मंग सांगतलं काहून नाही?" मी विचारलं.

"तू लावून देला असता नं," ते म्हणाले. "गाडी सुधरली का मंगळवारी मी कुठं जाऊ?"

त्यांनी स्विच परत खिशात टाकला आणि चहाचं काय झालं म्हणून विचारलं.

दिवाळीनंतर काकाजी बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं आणि ते पलंगाला खिळले. मी दोनदा भेटायला गेलो, दोन्ही वेळा सून खोलीतून हलली नाही.

दोन महिन्यांनी मुलगा गाडी घेऊन आला. ती विकायची होती, आणि घेणारा म्हणत होता की क्रूझ चालू पाहिजे. तेवढं करून टाका, असं तो सहज म्हणाला. आपण केलेला फोन त्याला आठवतही नसावा. मला संताप आला, पण त्याने नुसती विनंती केली होती, खोटं बोललो होतो मी. दुपारपर्यंत नवा स्विच बसवला.

ट्रायलसाठी एकटाच पारडीवरून भंडारा रोडला लागलो. रस्ता मोकळा दिसल्यावर गाडी कडेला घेतली, काकाजींना फोन लावला, स्पीकर सुरू करून तो शेजारच्या सीटवर ठेवला आणि निघालो. ऐंशीला बटण दाबून पाय काढून घेतला.

"काकाजी, लागली," मी म्हणालो.

फोनमधून मागे सुनेचा आवाज आला, कोणाचा फोन आहे म्हणून.

"रेडिओ आयकून राहिलो," काकाजींनी तिला सांगितलं. मग अगदी हळू, मला म्हणाले, "काच लावून घे गा. अन् बोलू नको."

मी काच लावली. मौदा येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही, आणि त्यांनीही फोन ठेवला नाही.