विमानाला लावलेलं गंध

लहान विमानं कशाने पडतात, ते मला नातीनेच सांगितलं होतं. पेट्रोलमध्ये पाणी गेलं म्हणून, झाकण नीट बसलं नाही म्हणून, नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं म्हणून. मी म्हटलं, "एवढ्याशाने?" ती म्हणाली, "एवढ्याशानेच, अज्जी."

ती विमान चालवायला शिकत होती. नुकतीच एकटीने उडायला लागली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, आमच्या चामराजपेटेत रिक्षापासून शिलाई मशिनीपर्यंत सगळ्यांना हार पडतो, मग विमान कसं सुटेल? सून आणि मी झेंडू, कोहळा, लिंबं घेऊन देवनहळ्ळीच्या बाजूला तिच्या विमानांच्या मैदानावर गेलो.

सून पूजा करायला लागली की हात आखडता घेत नाही. दिसेल तिथे चंदनाचं गंध, वर कुंकू. पंखाखाली बोटाएवढी नळी पुढे आलेली होती. नातीने तिच्यावरची लाल पिशवी काढून दिली आणि सुनेने नळीच्या तोंडावरच गंधाचा जाड ठिपका दाबला. चाकाखाली लिंबू ठेवलं. पूजा झाली की वाहनाची एक फेरी मारायची, असा रिवाज. तिला शिकवणारे कॅप्टन म्हणाले, "एकच फेरी. सरी, कळलं ना?"

उडण्याआधी विमान हात लावून तपासायचं असतं. नातीने तपासलं, पण गंधाला हात लावला नाही. ताजं गंध पुसायचं नाही, हे तिला घरातूनच मिळालेलं.

नात एकटीच आत बसली आणि लिंबू चिरडून विमान गेलं. फेरी मारून उतरायला आलं, आणि उतरलंच नाही. आमच्या डोक्यावरून पुन्हा वर गेलं.

"हौस फिटली नाही वाटतं," सून म्हणाली.

मी कॅप्टनच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या हातातल्या वॉकीटॉकीत नातीचा आवाज आला. "सर, वेगाचा काटा शून्यावर आहे."

"उडण्याआधी धावतानाच बघायचा असतो तो!"

"आईला हात करत होते, सर."

ते कन्नडात बोलत होते, म्हणून आम्हाला सगळं कळलं. न कळतं तर बरं झालं असतं. कॅप्टन आमच्याकडे वळले. "अम्मा, त्या नळीत वारा शिरतो, त्यावरून वेग कळतो. नळीला काय लावलंत?"

सुनेने आपलं बोट बघितलं. अजून पिवळं होतं.

"वेग कमी पडला तर?" मी विचारलं.

"विमान पडतं."

"आणि जास्त झाला तर?"

"मैदान संपतं."

सरळ बोलणारी माणसं मला आवडतात. त्या वेळी कॅप्टन नाही आवडले.

सून मोठ्याने नवस बोलायला लागली. मी तिचा दंड दाबला. "मनात बोल. कॅप्टनना ऐकू दे."

"काट्याकडे बघू नकोस," कॅप्टन सांगत होते. "रोज उतरताना इंजिनाचा आवाज कसा असतो? तसाच ठेव. नाक वर घेऊ नकोस. स्वल्प खाली. अजून."

विमान आलं. मलाही कळलं, जोरात येतंय. चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली. मग ते धावतच राहिलं. पार कुंपणाजवळ जाऊन थांबलं.

नात उतरली. सून म्हणाली, "देवाने वाचवलं गं."

"मग अडकवलं कोणी?" मी म्हटलं.

कॅप्टन नातीलाच बोलले. "पूजा त्यांनी केली, पण तपासणी तुझी होती. उद्यापासून मी परत शेजारी बसणार." तिने मान खाली घालून "हो सर" म्हटलं. त्या एकटीने उडण्यासाठी तिने वर्षभर जीव काढला होता.

सुनेने पदर ओला करून नळीकडे हात नेला. नात ओरडली, "आई, नको! आणखी आत जाईल. ते मेकॅनिक काढतील." बाकीचं गंध मात्र तिने स्वतः पुसलं, एकेक ठिपका. शेपटीवरचा शेवटचा ठिपका आला तशी सून म्हणाली, "तो तरी राहू दे."

नात थांबली. मी विचारलं, "तिथे भोक आहे?"

"नाही, अज्जी."

"मग राहू दे."