हरलेल्या बाजूचे भाऊजी

हरणाऱ्या माणसाची जागा एवढ्या आदरानं झाडून देणारा माणूस अख्ख्या सोलापुरात माझ्या धाकट्या दिरांशिवाय दुसरा सापडायचा नाही. सात रस्त्याजवळ आमच्या गच्चीवर ते रोज संध्याकाळी पोरांना बुद्धिबळ शिकवतात. खाली जुन्या चादरी अंथरलेल्या, खिशात शेंगदाणे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नियम एकच. कुणी "हरले" म्हटलं तरी पट मोडायचा नाही. दोघांनी उठून जागा बदलायच्या आणि जिंकणाऱ्यानं ती बुडालेली बाजू घेऊन पुढं खेळायचं.

हा नियम गच्चीवरच राहिला असता तर बरं होतं. पण माझं आणि ह्यांचं वाजलं की भाऊजी मध्ये उभे. "वहिनी, तुमी दादाच्या खुर्चीत बसा. आता दादाच्या बाजूनं भांडा की." एकदा टीव्हीच्या आवाजावरून मी ह्यांच्या बाजूनं इतकी झकास भांडले, की माझं मलाच पटलं आणि आवाज मीच उठून वाढवून दिला.

गच्चीवरच्या श्रावणीला देवानं हुशारी देताना हात आखडला नव्हता. माझ्या नातीला, मुक्ताला, नुसती हौस दिली. ती रोज हरायची आणि रोज सगळ्यांच्या आधी येऊन चादर अंथरायची. भाऊजी श्रावणीला वेगळी, अवघड कोडी घालत, रागावतही जास्त. मुक्ताला म्हणत, "आज चूक नवी केलीस, कालची न्हाय केली. हे घे शेंगदाणे." जागा मात्र दोघींनी बदलायच्याच.

एका संध्याकाळी श्रावणीचे वडील वर आले. "सर, पुण्याच्या शिबिराची निवड रविवारच्या स्पर्धेवर आहे. आणि तुम्ही हिला साध्या पोरांचे बिघडलेले डाव सावरायला बसवता?"

"चांगले डाव तिला येत्यात," भाऊजी म्हणाले. "बिघडलेला कुटं शिकायचा? मला तर मुक्ताएवढा बिघडवता येत न्हाय."

वडील काही हसले नाहीत. जिन्यात उभ्या मुक्तानं सगळं ऐकलं. खाली येऊन मला म्हणाली, "आजी, उद्यापासून मी नाही येणार वर. माझ्यामुळं श्रावणी मागं राहील." दुसऱ्या दिवशी भाऊजींनी स्वतः चादरी अंथरल्या, त्याही वाकड्या.

रविवारी शेवटच्या डावात श्रावणीचा वजीर गेला. वडील उठून बाहेर जाऊन उभे राहिले. पोरगी बसून राहिली, सावरत सावरत तिनं डाव बरोबरीत सोडवला, आणि तेवढ्यानं निवड झाली. तिथून ती वडिलांना घेऊन थेट आमच्या दारात. "मुक्ता, तुझा गुरुवारचा डाव होता ना, अगदी तसाच निघाला. चल वर."

वर गेल्या, खेळल्या, मुक्ता हरली. भाऊजी काही बोलायच्या आत श्रावणी उठली आणि ओढणीनं मुक्ताची जागा झाडून तिथं बसली. वडील चपला काढून चादरीच्या कडेला टेकले.

शिबिरानंतर श्रावणी आता शिकायला पुण्यालाच असते. गच्चीवर नवी पोरं आलीत, त्यांना जागा बदलायला मुक्ता लावते. अजून हरते, पण हल्ली बराच वेळ लागतो हरायला. भाऊजी कठड्याला टेकून बघत असतात. श्रावणीच्या जागेवर मात्र कुणाला बसू देत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "तितं ऊन लागतं, वहिनी."

दिवेलागणीला कसलं ऊन लागतं, देव जाणे. मीही विचारत नाही.