कराटेचे सर निवडताना

कराटेच्या वर्गात मी पहिलं पाऊल टाकलं ते चपलेसकट, थेट गादीवर. वीस मुलांचे पाय हवेतच थांबले. सर शांतपणे म्हणाले, "काका, चपला बाहेर." सर बहुधा माझ्याच वयाचे होते, त्यामुळे ते 'काका' जास्त लागलं.

आमच्या आठवीतल्या मुक्तासाठी मी जपानमधल्या ओकिनावा बेटावरचं पारंपरिक कराटे शिकवणारा माणूस शोधत होतो. आदल्या दिवशी पाहिलेल्या वर्गात भिंतभर प्रमाणपत्रं होती आणि दीड वर्षात काळ्या पट्ट्याची हमी. इथे एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो तेवढा होता. "माझ्या गुरूंचे गुरू, ओकिनावाचे," सर म्हणाले. "मी अजून शिकतोच आहे. पट्टा कधी मिळेल ते मात्र विचारू नका."

उभं राहताना एका मुलीचा गुडघा आत वळत होता. सर तिच्यापुढे खाली बसले, हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि विचारलं, "हात लावू का?" तिने मान हलवल्यावरच त्यांनी गुडघ्याला बोट लावलं.

आंबासुद्धा आपण हुंगून घेतो, आणि मुलगी ज्याच्यावर सोपवायची त्याची पारख भिंतीवरच्या कागदांवरून करतो. कागद कुणीही छापून घेईल, पण तो मध्येच थांबलेला हात कुठून छापून आणणार? मी तिथल्या तिथे मुक्ताचं नाव घातलं.

घरी येऊन बायकोला हे सगळं रंगवून सांगितलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "चांगले आहेत हो सर. बोट लावायचं तरी पोरीला विचारतात. तुम्ही नाव घालताना मुक्ताला विचारलंत?"