फिकट आलं तर फेकायचं

पुलाच्या मध्यावर आल्यावर काका थांबले. एरवी ते वाटेत कधी थांबत नसत. संस्थेपासून नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत तासाभराची वाट, आणि गेली एकोणीस वर्षं ते आणि नोंदवहीवाल्या बाई ती रोज सोबत चालत होते. काका पुढे, बाई दोन पावलं मागे, बोलणं बेताचंच.

संस्थेत काकांना सगळे ‘साडेनऊ’ म्हणत. पहिल्याच वर्षी विष काढताना चावलेल्या एका फुरसं जातीच्या सापाने डाव्या हाताची तर्जनी अर्ध्यावर आणली होती. किती वाजले म्हणून कुणी विचारलं की शिपाई काकांचे दोन्ही हात वर करून दाखवायचा, आणि काकाही हसायचे. लोक विषाची परीक्षा घेऊ नये म्हणतात, आपण पोटासाठी रोज घेतो, असं ते म्हणत.

काम मात्र बघत राहावं असं. पेल्याच्या तोंडावर पातळ पडदा ताणलेला असे. सापाची मान दोन बोटांत धरून काका त्याचे दात पडद्यातून आत जाऊ देत, आणि थेंब पेल्यात पडत. ते विष वाळवून भुकटी व्हायची. कणभर भुकटी घोड्याला टोचायची, म्हणजे घोड्याचं अंग तिच्याशी झुंजायला शिकतं; मग त्याच्या रक्तातून साप चावलेल्यांसाठी औषध तयार होतं. साप परत पेटीत ठेवताना काका म्हणायचे, “दमलास रे बाबा.” शेजारी बसून बाई वहीत लिहायच्या: सापाचा क्रमांक, तारीख, विष किती. साप कुठून आणला, याला वहीत रकानाच नव्हता.

महिन्यापूर्वी पाचव्यांदा साप चावला. त्या वेळी जिवावर बेतलं ते विषाने नव्हे, औषधाने. इतक्यांदा ते अंगात गेलं होतं की अंगच त्याच्यावर उलटलं. गळा सुजून श्वास कोंडला. पुन्हा चावला तर औषध द्यायलाही हात धजणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सापाला हात लावणं सुटलं, आपल्या जागी आलेल्या नव्या बाईंना शिकवणं तेवढं राहिलं. शुक्रवारी निरोप समारंभ होता, आणि त्यात वाचायला काकांवर दोन पानं लिहा, असं मोठ्या साहेबांनी बाईंना सांगितलं होतं.

पानं बाईंच्या पिशवीतच होती. काकांनी ती मागितली नाहीत, वाचा म्हणाले. कठड्याला टेकून बाईंनी वाचली. शेवटी होतं, की देव कुणाच्या हातून कुणाला वाचवतो ते त्यालाच ठाऊक, पण या साडेनऊ बोटांतून हजारो जीव वाचले.

काका म्हणाले, “धाकटीचं काहीच नाही यात.”

काकांची धाकटी बहीण डोंगरापलीकडे दिलेली होती. गेल्या वर्षी सरपण काढताना तिला फुरसं चावलं. दवाखाना जवळ होता, औषधही होतं. काका पोहोचले तेव्हा बारावी बाटली चालू होती आणि हिरड्यांतून रक्त थांबत नव्हतं. बाटलीवर संस्थेचं नाव होतं. ते वाचून ती सगळ्यांना धीर देत होती, की माझ्या दादाचं औषध आहे, मी होईन बरी. पहाटे गेली. उशीर झाला असेल, असं सगळे म्हणाले. काकाही तेच म्हणत होते.

“परवा नव्या बाईंना शिकवत होतो,” काका म्हणाले. “एका फुरशाचं विष फिकट आलं. मी म्हटलं, फिकट आलं तर फेकायचं, साप आजारी असतो. त्या म्हणाल्या, काका, हा तर ठणठणीत आहे. मी म्हटलं, मग डोंगरापलीकडचा असेल. बाई, ते माझ्याच तोंडून निघालं.”

बाईंच्या लगेच ध्यानात आलं. सगळं पिवळं, मधासारखं विष ठेवायचं आणि निवळीसारखं फिकट असेल ते टाकायचं, ही त्या खोलीची रीतच होती. काकांना ती त्यांच्या आधीच्या माणसाने शिकवली होती. म्हणजे डोंगरापलीकडच्या फुरशांचं विष घोड्यांपर्यंत कधी पोहोचलंच नव्हतं, आणि जे विष घोड्याच्या अंगाला ठाऊक नाही, त्यावर त्याचं औषध चालेलच असं नाही. आणि वहीत दर वेळी ‘खराब, टाकून दिले’ असं लिहिणारा हात बाईंचाच होता. त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पण ते घेऊनही बरं वाटलं नाही.

वेगळं विष हेच कारण कशावरून, असं त्या कसंबसं म्हणाल्या. तपासल्याशिवाय कसं सांगणार?

“तेच तर. तपासायला आपण ठेवलंच कुठे?”

काकांचं साहेबांना सांगून झालं होतं. निरोप होऊ द्या, मग बघू, असं साहेब म्हणाले होते. मग म्हणजे कधी, हे दोघांनाही माहीत होतं. बाई म्हणाल्या, भर सभेत हे वाचलं तर लोक तुमच्याकडेच बोट दाखवतील.

“दाखवू दे. माझं स्वतःचं तर अर्धंच आहे.” काका हसले, पण ते हसू ओठांवर टिकलं नाही. त्यांनी बाईंच्या हातातली पानं घडी करून परत त्यांच्या पिशवीत ठेवली.

“हजारो जीव खोडा,” ते म्हणाले. “लिहा, की फिकट विष मी फेकलं, एकोणीस वर्षं. टाकून दिले म्हणून तुम्ही जे जे लिहिलंत, त्याच्या तारखा वहीतून काढून खाली मांडा. आणि धाकटीचं नाव घाला. साहेबांना आधी दाखवू नका बाई, तेवढं करा माझ्यासाठी.”